नियमांचं पुस्तक माझ्याबरोबर बसून वाचणाऱ्या मॅडमना

मॅडम,

डिग्री मिळाल्यावर आभार मानायला सपोर्ट सेंटरमध्ये आले होते, पण तुमच्या दाराबाहेर मुलं बसलेली होती आणि त्यातल्या एकीचा चेहरा बघून मला कळलं की आत्ता तुमचा वेळ तिला जास्त हवाय, म्हणून नुसतं थँक्यू म्हणून निघाले. बोलायचं सगळं राहूनच गेलं. ते इथे लिहितेय, आणि मुद्दाम उघडपणे लिहितेय, कारण हे वाचणाऱ्यांत पहिल्या वर्षाची मुलं असतील, आणि आपल्या युनिव्हर्सिटीत अशी एक खोली असते, तिथे बसलेल्या माणसांचं काम आपल्याला मदत करणं हेच असतं, हे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सेमिस्टरच्या मध्यावर मी आजारी पडले आणि परत आले तेव्हा हजेरी कमी, एक असाइनमेंट राहिलेली, मिडटर्म बुडालेली, असं सगळं एकदम अंगावर आलं होतं. प्रत्येकाचा सल्ला वेगळा. कोणी म्हणे वर्ष ड्रॉप कर, कोणी म्हणे सरांना जाऊन हातापाया पड, कोणी म्हणे काही बोलू नकोस, गुपचूप फायनलला बस. सगळे प्रेमानेच सांगत होते, पण नियम नक्की काय आहे हे एकानेही उघडून बघितलेलं नव्हतं. तुम्ही पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे स्टुडंट हँडबुक उघडलंत, स्क्रीन माझ्याकडे वळवलीत आणि हातात पेन्सिल देऊन म्हणालात, "आधी सांग, तुझा प्रश्न हजेरीचा आहे, परीक्षेचा आहे की डेडलाइनचा? हे तीन वेगळे अर्ज आहेत, तीन वेगळ्या ठिकाणी जातात."

ते एक वाक्य ऐकून माझ्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं मॅडम, खरंच सांगते. तोपर्यंत ती सगळी एकच मोठी आपत्ती वाटत होती, त्या कागदावर तिचे तीन रकाने झाले आणि प्रत्येकापुढे एक तारीख आली. असाइनमेंटसाठी मुदतवाढ, बुडालेल्या परीक्षेसाठी नंतर बसायची परवानगी, आणि हे दोन्ही जमलंच नाही तर कोर्समधून वेळेत नाव काढून घेणं. या तिसऱ्याबद्दल तुम्ही जे समजावलंत ते तर प्रत्येकाला कळायला हवं. बऱ्याच युनिव्हर्सिटींमध्ये ठरलेल्या तारखेच्या आत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या कोर्सेसच्या अधिकृत गुणपत्रकावर, नुसती डब्ल्यूची (विथड्रॉन, म्हणजे कोर्स सोडला) नोंद येते, जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी त्यामुळे खाली येत नाही, पण तीच तारीख उलटली की नापासाचा शेरा बसतो आणि तो ॲव्हरेजमध्ये धरला जातो. म्हणजे अभ्यास तोच, आजारपण तेच, फरक फक्त कॅलेंडरचा. आणि लगेच पुढे हेही म्हणालात की सोडायच्या आधी बघ, क्रेडिट कमी झाले तर तू फुल-टाइम स्टुडंट राहतेस का, कारण स्कॉलरशिप आणि हॉस्टेल कधीकधी त्यावरच अवलंबून असतं, आणि परदेशातून आलेल्या मुलांचा तर व्हिसासुद्धा. हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. शेवटी मला कोर्स सोडावा लागला नाही, पण सोडावा लागला असता तरी मी डोळे उघडे ठेवून सोडला असता.

मग तो मेल. मी सरांना लिहिलेला ड्राफ्ट तुम्हाला दाखवला तेव्हा तो दीड पान होता, सगळं आजारपण, घरची परिस्थिती, माफी, परत माफी. तुम्ही तो शांतपणे पूर्ण वाचलात. वाचून झाल्यावर म्हणालात, हे सगळं खरं आहे पण हे वाचून सरांनी करायचं काय ते कुठे लिहिलंय? आणि आपण दोघींनी मिळून तो चार ओळींचा केला: मी कोण, कोणता कोर्स, काय राहिलंय आणि कोणत्या तारखेपर्यंत वेळ हवाय. खाली एवढंच, की कागदपत्रं ऑफिसला दिली आहेत. तुम्ही सांगितलंत की नक्की काय झालं होतं हे सरांना सांगायची तुझ्यावर सक्ती नाही, डॉक्टरांचे कागद ऑफिसकडे राहतात, शिकवणाऱ्यांपर्यंत फक्त मंजुरी पोहोचते. माझं आजारपण ही माझी खाजगी गोष्ट आहे आणि ती वर्गात सांगत फिरायची नाही, हा नियमच आहे हे कळलं तेव्हा मला किती बरं वाटलं हे तुम्हाला तेव्हा सांगता आलं नव्हतं. सरांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि चांगलं आलं.

पण मॅडम, अर्ज-बिर्ज तर कोणी ना कोणी सांगितलं असतं कदाचित. तुम्ही त्या ग्रुप सेशनला बसवलंत ना, त्याचे आभार मला जास्त मानायचेत. सीनियर मुलांनी घेतलेल्या त्या सेशनचं नाव ऐकूनच मी आक्रसले होते, कारण आमच्यात सगळ्यांची समजूत होती की तिथे जातो तो कच्चा. तुम्ही रागावला नाहीत, लेक्चर दिलं नाहीत, सरळ त्याचा इतिहास सांगितलात. सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन नावाची ही पद्धत 1973 मध्ये अमेरिकेत, मिसुरी युनिव्हर्सिटीच्या कॅन्सस सिटी कॅम्पसवर डीअ‍ॅना मार्टिन यांनी सुरू केली, आणि ती पहिल्यांदा वापरली गेली मेडिसिन, डेंटिस्ट्री, फार्मसी शिकणाऱ्या मुलांसाठी. ती मुलं काही कच्ची नव्हती! मुळातली कल्पनाच अशी की "कमकुवत विद्यार्थी" शोधायचे नाहीत, अवघड कोर्स शोधायचे, आणि त्या कोर्सच्या सगळ्यांना दार उघडं ठेवायचं. आधी तोच कोर्स चांगला पास झालेला विद्यार्थी पुन्हा लेक्चरला बसतो आणि मग बाकीच्यांबरोबर चर्चा घेतो, उत्तरं देत नाही, प्रश्न विचारतो. मला वाटतं प्रत्येक युनिव्हर्सिटीने हे पहिल्या आठवड्यातच सांगायला हवं, कारण लाजेपायी कितीतरी मुलं त्या दारापर्यंत येऊन परत जातात.

तिथेच मला अभ्यास करायचा म्हणजे काय ते कळलं. तुम्ही सांगितलेला रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग मी आता भेटेल त्याला सांगते. मुलांना एक उतारा दिला, काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आणि आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. परीक्षा काय पाच मिनिटांनी नसते. त्या दिवसापासून मी हायलायटर बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला, आणि आजारपणात बुडालेला भाग मी त्या कोऱ्या कागदांवरच भरून काढला. वेळेचंही तसंच, क्रेडिट म्हणजे नुसते वर्गातले तास असं मी धरून चालले होते. युरोपात क्रेडिट मोजायची ईसीटीएस नावाची पद्धत आहे, तिच्यात एका क्रेडिटला साधारण 25 ते 30 तासांचं काम धरतात आणि त्यात घरचं वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं येतं, वर्षाचे 60 क्रेडिट म्हणजे 1500 ते 1800 तास, हा हिशेब तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलात आणि मग माझ्या आठवड्याचं टाइमटेबल बनवलंत, त्यात झोपेचे रकाने आधी भरलेत. आजारातून उठलेल्या मुलीसाठी ते किती महत्त्वाचं होतं!

रिपोर्टवरच्या रंगांचं पण लिहायलाच हवं. माझा प्रोजेक्ट सबमिट केला आणि टर्निटिनच्या, म्हणजे आपला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सिमिलॅरिटी रिपोर्टवर पिवळा रंग आला, तो बघून माझे हातपाय गार पडले होते. तुम्ही रिपोर्ट उघडलात आणि एकेक ठिगळ दाखवायला लागलात, हे बघ हे अवतरण आहे, अवतरणचिन्हात आहे, पुढे संदर्भ आहे, हे ठीक. हे तर संदर्भांच्या यादीतलं पुस्तकाचं नाव आहे, ते जुळणारच. हे प्रश्नाचं वाक्य आहे, ते सगळ्या वर्गाचं सारखंच असणार. तो आकडा म्हणजे जुळलेल्या मजकुराचं प्रमाण, चोरीचं नव्हे, आणि चोरी झाली का हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, माणसाने वाचून ठरवायचं असतं. उलटंही तितकंच खरं, आकडा लहान असला तरी दुसऱ्याची कल्पना संदर्भ न देता घेतली असेल तर ती उचललेलीच. हे ज्या पद्धतीने तुम्ही समजावलंत त्यामुळे संदर्भ देणं हे मला ओझं वाटेनासं झालं. ज्याने विचार केला त्याचं नाव घ्यायचं, एवढंच तर आहे.

आणि एआयचं. प्रत्येक कोर्सचा नियम वेगळा, एका ठिकाणी चॅटजीपीटी चालतं, दुसरीकडे फक्त व्याकरणासाठी, तिसरीकडे अजिबात नाही, तेव्हा सिलॅबसमध्ये बघायचं आणि तिथे नसेल तर लेखी विचारायचं, हे तुम्ही आमच्या पूर्ण बॅचला सांगितलंत. माझ्या एका मैत्रिणीवर एआयकडून लिहून घेतल्याचा संशय घेतला गेला तेव्हा ती पार कोसळली होती. तुम्ही तिला बसवून घेतलंत आणि सांगितलंत की एआयने लिहिलेलं ओळखणारे डिटेक्टर चुकतात, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं टूल जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. मग तिच्या डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्टरी, कच्च्या नोट्स, जुने ड्राफ्ट सगळं तारखेनुसार लावून घेतलंत. सुनावणीला तिच्या बाजूला बसलात. बोलली ती स्वतःच, पण तुम्ही शेजारी होतात म्हणून बोलू शकली, असं ती अजून म्हणते. तिच्यावरचा आळ गेला.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला अडचण, असलेल्या आमच्या वर्गमित्रालाही तुम्हीच योग्य खिडकीशी नेलंत. परीक्षेत जादा वेळ, वेगळी खोली, मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, हे मागणं म्हणजे सवलत लाटणं नव्हे हे त्याला पटवायलाच तुमचे बरेच दिवस गेले. नोंदणी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच करायची, कारण सहसा ती मागच्या परीक्षांना लागू होत नाही, हे त्याने आता ज्युनियर मुलांच्या ग्रुपवर पिन करून ठेवलंय.

तुम्ही कधी खोटी आशा लावली नाहीत, हेही मला खूप मोलाचं वाटतं. एका पेपरच्या मार्कांवर मी अपील करायला निघाले होते तेव्हा तुम्ही स्पष्ट सांगितलंत की बऱ्याच युनिव्हर्सिटींमध्ये "मला जास्त मार्क हवे होते" यावर अपील टिकत नाही, प्रक्रियेत चूक झाली असेल, बेरीज चुकली असेल, किंवा तुझी परिस्थिती लक्षात घेतली गेली नसेल तर टिकतं. त्यापेक्षा ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे शिकवणारे मुलांना भेटायला ठेवतात त्या वेळेत, जा आणि पुढच्या पेपरला काय बदलायचं ते विचार. गेले. अपील केलं असतं तर जे मिळालं नसतं ते त्या अर्ध्या तासात मिळालं.

तुमच्याबरोबर फ्रंट डेस्कवरच्या ताईंचेही आभार, त्यांनी मला कधी "उद्या या" म्हटलं नाही. आणि माझा सीनियर लीडर होता त्या दादाचेही, त्याने एकही उत्तर आयतं दिलं नाही.

मॅडम, आता एक मागणं आहे. माझं पुढचं शिक्षण इथेच सुरू होतंय आणि येत्या सेमिस्टरला त्याच अवघड कोर्ससाठी मी सेशन घेणार आहे, नाव दिलंय, ट्रेनिंगही ठरलंय. पहिल्या सेशनला तो चार ओळींचा मेल आणि तारखांचे ते तीन रकाने मुलांना द्यायचे आहेत. तुमची परवानगी असेल तर तुमच्या नावाने देईन. आणि जमलं तर त्या दिवशी दहा मिनिटं याल का? मुलांनी तुम्हाला आधीच बघितलेलं बरं, म्हणजे गरज पडेल तेव्हा दार वाजवायला संकोच होणार नाही.

तुमची विद्यार्थिनी