मैदानावर ग्लुकोज पावडर हवीच

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या आहेत आणि पेठेतली पोरं भर पावसातही फुटबॉल सोडत नाहीत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला गेल्या हिवाळ्यात टाइप १ डायबेटीस निघाला. यात शरीरात रक्तातली साखर खाली आणणारं इन्सुलिन तयार होणं जवळजवळ थांबतं, त्यामुळे इंजेक्शनला पर्याय नाही, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण सुरुवातीच्या महिन्यांत आम्हा पालकांना जास्त घोर लागतो तो शुगर एकदम खाली येण्याचा.

इन्सुलिन सुरू झालं की स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशींना उसंत मिळते आणि त्या पुन्हा थोडं काम करू लागतात. मग कालपर्यंत बरोबर बसणारा डोस आज जास्त होतो. आमच्या डॉक्टरांनी मुलाचा डोस टप्प्याटप्प्यानं जवळपास निम्म्यावर आणला. नेमके तेव्हाच पाहुणे सांगायला लागतात, 'बघा, बरा झाला, आता सुया बंद करा.' कुणी कारल्याचा रस सुचवतं, कुणी काढा. हात जोडून सांगते, हे दिवस काही महिन्यांचेच असतात. डॉक्टर इन्सुलिन कमी करतात, बंद करत नाहीत. आपल्या मनानं बंद केलं तर लेकराच्या जिवावर बेततं.

आता मैदानाचं. सरावात एकदा तो पायातला बॉल सोडून नुसता उभा राहिला. ओठ पांढरे, हात थरथरताहेत, विचारलेलं कळत नाही. प्रशिक्षकांना वाटलं, कंटाळा करतोय. त्यांनी आणखी एक फेरी मारायला लावली. त्याच्या मित्रानं सॅकमधली ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून पाजली म्हणून निभावलं. मीटरवर ५२ आकडा होता. ७० च्या खाली गेली की शुगर कमी समजतात.

अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यातून लगेच द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा द्यायची. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि तडक दवाखाना गाठा. खेळाचा परिणाम तर रात्रीपर्यंत राहतो. मॅच असली की मी मध्यरात्री अलार्म लावून त्याचं बोट टोचून बघते.

सीबीएसईनं २०१७ मध्येच टाइप १ च्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली. बोर्डाच्या पेपरला चालतं ते आठवीच्या तासाला का चालू नये? मुलानं तासाला डबा उघडला तर आधी कारण विचारा, मग रागवा.

कोल्हापुरातल्या सर्व मुख्याध्यापकांना आणि तालमींच्या फुटबॉल प्रशिक्षकांना माझी विनंती आहे : प्रथमोपचाराच्या पेटीत ग्लुकोज पावडरचा डबा ठेवा, आणि चक्कर येते म्हणणाऱ्या अशा मुलाला एकट्याला ऑफिसात पाठवू नका. जे द्यायचं ते तो बसलाय तिथंच द्या.

— एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर