देवगिरी आणि आळंदी, शके १२१८

छत्रपती संभाजीनगर,
कार्तिक वद्य अष्टमी

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

तू उद्या-परवा आळंदीला निघशील, म्हणून आजच लिहायला बसलो. रविवारी देवगिरीवर जाऊन आलो. खंदकावरच्या पुलापाशी बराच वेळ उभा होतो. समोरचा कडा असा तासलाय की घोरपडीलाही नख रोवायला जागा नाही. एवढा किल्ला असून यादवांचा राजा रामदेवराव हरला कसा, हे कोडं मला शाळेपासून होतं.

तो हरला मिठामुळे. १२९६ साली, उन्हाळ्याच्या तोंडाशी, गंगेकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी आपल्या सुलतान चुलत्यालाही पत्ता न लागू देता काही हजार स्वार घेऊन अचलपूरमार्गे आला. यादवांची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की कोकणातल्या व्यापाऱ्यांनी टाकून दिलेली पोती घाईघाईनं धान्य समजून गडावर चढवली. शंकरदेव परतला, लढला, पण मागून उठलेली धूळ दिल्लीच्या फौजेची वाटून त्याचं सैन्य मोडलं. आणि गडावर पोती सोडली तर आत मीठ! वेढ्यात अडकलेल्या माणसांसमोर मिठाच्या राशी. त्या कोठीवाल्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही रे.

ती लूट घेऊन अल्लाउद्दीन कडा प्रांतात परतला. जुलैत भेटायला आलेल्या चुलत्याला, जलालुद्दीनला, गंगेकाठी मारलं आणि दिल्लीच्या वाटेवर गोफणयंत्रातून लोकांवर सोनं उधळलं. ते सोनं आपल्या देवगिरीचं होतं.

आता तुझ्या आळंदीकडे येतो. त्याच वर्षी, शके १२१८च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, ज्ञानोबांनी समाधी घेतली. देवगिरी आपण इतिहासाच्या तासाला शिकलो, ज्ञानोबा मराठीच्या. दोन्हींचं साल एकच, हे कुणी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं नाही. मीही वर्गात तसंच शिकवत आलो, याचं फार वाईट वाटतं.

आणि नातं नुसतं सालाचं नाही. आपण पसायदान म्हणतो आणि ग्रंथ मिटतो. त्याच्या पुढच्याच ओव्या काढून बघ. गोदाकाठ, नेवासे, आणि यदुवंशातला राजा रामचंद्र, म्हणजे हाच रामदेवराव, जो न्यायाने पृथ्वी सांभाळतो! शके १२१२मध्ये माउलींनी ज्याचं नाव आदरानं घेतलं, त्याच राजाच्या गडावर सहा वर्षांत ती मिठाची पोती उघडली. ही बातमी आळंदीला, पंढरपूरला पोचली असेलच. रस्त्यांवर पळापळ असेल, बाजारात भीती असेल. त्याच दिवसांत नामदेवराय आणि बाकीची संतमंडळी इंद्रायणीकाठी जमली. आजवर समाधीचं कीर्तन ऐकताना मला तिथे फक्त टाळ ऐकू यायचे. आता घोड्यांच्या टापाही ऐकू येतात.

जगात त्या वर्षी पुष्कळ घडलं. मंगराई राजानं आजच्या थायलंडमधलं चियांग माई वसवलं, फ्लॉरेन्सच्या मोठ्या चर्चचा पाया घातला गेला, चिनी वकिलातीतला चौ दागुआन कंबोडियातल्या अंगकोरला पोचून तिथलं रोजचं जगणं टिपू लागला. ऑगस्टमध्ये बोहेमियाचा जॉन जन्मला, जो पुढे आंधळा असूनही फ्रान्समधल्या क्रेसीच्या रणात उतरला आणि तिथेच पडला. हे सगळं वाचलं, पण मन पुन्हा पुन्हा आपल्याच दोन गावांकडे वळतं.

महिन्याभरात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनीही सासवडला समाधी घेतली. तुझं आजोळच ते. एका घरातली दोन मुलं, महिन्याच्या अंतरानं. मुक्ताईनं ते दिवस कसे काढले असतील?

त्रयोदशीला समाधीपुढे उभा राहशील तेव्हा माझाही नमस्कार पोचव. आणि पसायदानानंतर लगेच ग्रंथ मिटू नकोस, त्या पुढच्या ओव्याही मोठ्यानं वाच. सासवडला मी येतोय, मावशींना सांगून ठेव.

तुझा,
सदा