संगीत नाटक ‘ट्रॅक’वर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एका छोट्या व्यावसायिक नाट्यसंस्थेच्या येत्या हंगामाची बातमी आपल्या अंकात वाचली. सहा नाटके, त्यांतली चार गद्य आणि दोन संगीत. प्रेक्षागृह अडीचशे खुर्च्यांचे. संगीत नाटकांपैकी एक ‘सौभद्र’ आणि दुसरे कोरे, नव्याने लिहून घेतलेले. वाचून इतका आनंद झाला की बातमी घरात मोठ्याने वाचून दाखवली. शेवटच्या ओळीला मात्र आवाज उतरला. दोन्ही संगीत नाटकांना ‘ध्वनिमुद्रित साथसंगत’, म्हणजे ट्रॅक, असणार आहे म्हणे.

गद्य नाटकांबद्दल मी बोलू नये. निवड चांगली दिसते, तालमी नीट होवोत, एवढेच. पण संगीत नाटकांना मी ३२ वर्षे ऑर्गनची साथ केली आहे, त्यामुळे या शेवटच्या ओळीवर गप्प बसवत नाही.

प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या घंटेच्या आधी काय चालते ते प्रेक्षकांना दिसत नाही. रंग लावलेला कृष्ण विंगेतून हळूच येतो आणि कानाशी म्हणतो, “आज गळा बसलाय, काळी दोनची पट्टी झेपणार नाही, पांढरी दोन घ्या.” आपण मान हलवायची आणि तबलजीला खूण करायची, म्हणजे तो तबला उतरवून घेतो. बस्स, संपला प्रश्न. आता ही विनंती त्याने यंत्रापाशी जाऊन केली, तर पट्टी उतरवून देणारे बटण असते हे मलाही ठाऊक आहे. पण पद चालू असताना तिसऱ्या ओळीला त्याचा श्वास कमी पडणार आहे, हे बटणाला कळत नाही. मला कळायचे, कारण माझी नजर त्याच्या मानेवर असायची. गाणारा श्वास घेतो तेव्हा मान किंचित मागे जाते. ती गेली की माझे बोट पट्टीवर. नाही गेली तर मुखड्याचे सूर आणखी एकदा फिरवून आणायचे. प्रेक्षकांना वाटते, काय सुंदर जागा भरली!

एकदा रुक्मिणीची समजूत घालता घालता आमच्या कृष्णाचा मुकुट डाव्या कानावर उतरला. तबलजीने ठेका धरून ठेवला, मी षड्जावर थांबलो. कृष्णाने एक लांब आलाप घेतला, त्या आलापातच दोन्ही हातांनी मुकुट बसवला आणि समेवर असा आला की वन्समोअर मिळाला. रुक्मिणी हसू दाबायला पाठमोरी झाली, तेही रुसव्यात खपून गेले.

याच्या उलटे मी प्रेक्षकांत बसून पाहिले आहे. संस्थेचे नाव घेत नाही. नायकाला ऐन वेळी ठसका लागला आणि तो एक ओळ उशिरा सुरू झाला. ट्रॅक कशाला थांबतोय! नायक दोन ओळी त्याच्या मागे धावला, तिसऱ्या ओळीला नुसते ओठ हलवू लागला. ट्रॅकवरचा तबला समेवर आला तेव्हा नायकाचा हात वेगळ्याच ठिकाणी पडला. शेजारच्या बाईंनी “चालायचंच” म्हणून पर्समधली गोळी तोंडात टाकली. त्या नटाला गाता येत होते, हे मला फार लागले.

खर्चाची अडचण मी समजू शकतो. छोट्या संस्थेला प्रत्येक माणूस जड असतो. पण ऑर्गन आणि तबला एवढे दोघे पुरतात. व्हायोलिन सोडून द्या. अडीचशे खुर्च्यांच्या घरात आवाज पोचवायलाही फार काही लागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले तेव्हा ध्वनिवर्धक नावाची वस्तूच नव्हती. ऑर्केस्ट्रासाठी खड्डा नसेल तर पहिल्या रांगेतल्या डावीकडच्या चार खुर्च्या काढा आणि तिथे साथीदार बसवा. चार तिकिटे बुडतील, हे मान्य. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवांसारखा तबलानवाज साथीला बसत असे; तिथे चार खुर्च्यांचा हिशेब कुणी केला असेल असे वाटत नाही. (केलाही असेल. ती मंडळी कर्जात बुडाली, हे कुणीतरी मला सुनावेलच.)

हल्लीच्या प्रेक्षकाला लांबण सोसत नाही, म्हणून ट्रॅक लावून पदे बेतशीर करावीत, असेही एक कारण ऐकू येते. पदे आटोपशीर करायला यंत्र कशाला हवे? जितेंद्र अभिषेकींनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त ते करून दाखवले, आणि लोकांनी ती पदे डोक्यावर घेतली. लांबी संगीतकार ठरवतो, दिग्दर्शक ठरवतो. ‘सौभद्रा’तली पदे जरूर गाळा, सगळी म्हणत बसलात तर शेवटची बस चुकेल. जी ठेवाल ती मात्र त्या दिवशीच्या गळ्याने, त्या दिवशीच्या लयीत होऊ द्या.

नव्या नाटकाबाबत तर माझा आग्रह जास्तच आहे. जुन्या पदांच्या चाली निदान लोकांच्या कानात तरी आहेत. नवी चाल पाच-पंचवीस प्रयोगांनंतर मुरते, कुठे थांबायचे ते तोवर नटालाही ठाऊक नसते. ती पहिल्याच महिन्यात ध्वनिमुद्रित करून टाकली, तर कच्चीच राहणार. साथीदारांना तालमीच्या दुसऱ्या आठवड्यापासून बोलवा, आदल्या दिवशी नको. आणि जाहिरातीत नटांच्या खाली त्यांचीही नावे छापा, बारीक टायपात का होईना.

मी स्वतःसाठी जागा मागत नाही. गुडघे गेले; पायपेटी मारणे आता जमत नाही. पण माझा ऑर्गन घरी पडून आहे. भाता गेल्या वर्षीच बदलून घेतला. संस्थेला हवा असेल तर हंगामभर घेऊन जावा, भाडे नको. उचलायला चार माणसे आणावीत, आणि डावे पेडल जरा कुरकुरते, त्याला तेल घालावे.

आपला,
एक निवृत्त ऑर्गनवादक