दहा दिवसांनंतर आम्ही कुणाचे पेशंट? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सा. न. वि. वि.

परवा हॉस्पिटलात सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने माझी फाइल माझ्याच हातात परत दिली. म्हणाला, "मावशी, तुमचं पॅकेज क्लोज झालंय. डिस्चार्जनंतर दहा दिवसच धरतात. आता पुढचा खर्च तुमचा." पोरगा वाईट नाही. त्याला जेवढं दिलंय तेवढंच तो सांगणार. म्हणून पत्र आपल्याला लिहिते आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. खड्यांनी जीव नकोसा केला होता. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी चालायला लावलं, घरी आले, टाके वाळले. योजनेचे दहा दिवस छान गेले. मग साधारण महिनाभराने बेंबीजवळच्या छिद्रापाशी हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती. ती जांभळी पडली, फुटली आणि पातळ, पाणचट पू यायला लागला. तो अजून थांबलेला नाही. एक तोंड बुजतं, शेजारी दुसरं उघडतं. परकराची नाडी नेमकी तिथेच येते, म्हणून साडी सुटली. गॉझ चिकटून बसतं, रोज सकाळी कोमट पाणी सोडून सोडून काढावं लागतं.

साध्या अँटिबायोटिक्सचे कोर्स झाले, फरक शून्य. मग पुवाच्या तपासणीत एएफबी, म्हणजे टीबीच्या कुळातले जंतू, पॉझिटिव्ह आलं आणि मला टीबीची औषधं सुरू झाली. लघवी केशरी, तोंडाची चव गेली, अन्न समोर आलं की मळमळ. परळमध्ये मी पोळीभाजीचे डबे करते. चाळीत "टीबी" हा शब्द एका दाराआड राहत नाही. आधी दोन गिऱ्हाइकं गेली, मग बाकीची. त्यांचं काय चुकलं? खाण्याचा मामला आहे. पण मला टीबी नव्हताच!

महापालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मायक्रोबायॉलॉजीच्या डॉक्टरांनी पुवाचं नीट कल्चर केलं, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखले, तेव्हा खरं कळलं. हे टीबीच्या कुळातले, पण टीबी नसलेले जंतू आहेत. पाण्यात आणि मातीत राहतात, टीबीच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. दुर्बिणीची उपकरणं नीट निर्जंतुक झाली नाहीत की छिद्रातून आत शिरतात आणि बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांनी, टाके वाळल्यानंतर, वर येतात. आता काही महिने क्लॅरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणि अमिकासिनची इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांनी किडनीला आणि कानांना धोका, म्हणून त्यांच्याही तपासण्या. रात्री माझ्या कानात आवाज येत राहतो. कुणी हळू बोललं तर दोनदा विचारावं लागतं.

मंत्रिमहोदय, आपल्या माणसांनी हे एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून बघावं. दुर्बिणीची उपकरणं नाजूक, लांब, सांध्यासांध्यांची. सांध्यात रक्तामांसाचा कण अडकला तर उपकरण सुटं करून घासल्याशिवाय तो निघत नाही. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या द्रावणात वीस मिनिटं बुडवली की चिवट जंतू मरतातच असं नाही. पूर्ण निर्जंतुकीकरणाला त्याच द्रावणात आठ-दहा तास लागतात. वर नळाच्या पाण्यात खंगाळली तर त्या पाण्यातलेच जंतू परत बसतात. वाफेवर निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आहे, गॅसवर करणारं ईटीओ आहे, वाफेत टिकणारी उपकरणंही मिळतात. पण एकच सेट, यादीत एकामागून एक पेशंट आणि पुढची बाई टेबलावर झोपलेली असली तर आठ तास कोण थांबणार? निर्जंतुकीकरणाची नोंदवही कोण तपासतं, याचं उत्तर मला कुणीच दिलेलं नाही.

आणि हे एकट्या जंतूंचं नाही. पित्तनलिकेला इजा झाली तर ती आकसून कावीळ महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसते. नलिकेत राहिलेला खडा नंतर त्रास देतो. पोटात सांडून राहिलेल्या खड्याभोवती पुढे कधीतरी गळू होतं. बेंबीच्या छिद्रातून हर्निया उतरतो. यातलं कोणतं दहा दिवसांत हजेरी लावतं? ज्याने हा आकडा ठरवला त्याने कधी सर्जनला विचारलं होतं का? पाच लाखांपर्यंत मोफत उपचार म्हणून जाहिराती केल्यात. त्या पाच लाखांतलं माझ्या गोळ्यांना काही लागू होत नाही.

देशात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली याच मुंबईत, जे. जे. हॉस्पिटलात, डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. सरकारी हॉस्पिटलात! त्याच शहरात इतक्या वर्षांनी बाईला ऑपरेशनमधून जंतू घेऊन घरी यावं लागतं. नर्सिंग होमवर देखरेख करायला राज्याचा कायदा १९४९ चा. हॉस्पिटलं-दवाखान्यांसाठीचा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपण स्वीकारला नाही. २०२१ मध्ये नियम सुधारले, रुग्ण हक्कांची सनद लावा, तक्रारीसाठी टोल फ्री नंबर ठेवा म्हणालात. मी सनद शोधली, भिंतीवर पॅकेजचे फोटो होते. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्येच सांगितलं होतं की राज्यांनी २०२० पर्यंत बजेटचा आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्यावा. महाराष्ट्र तिथे पोचला नाही. पूल होतात, उद्घाटनं होतात, स्टरलायझरला मात्र पैसे नसतात.

शस्त्रक्रियेतून उद्भवलेला त्रास योजनेत निदान वर्षभर धरा. छिद्रातून पू येणारा प्रत्येक पेशंट कळवणं हॉस्पिटलला सक्तीचं करा. डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहा की महिन्यानंतर गाठ आली, पू आला, डोळे पिवळे झाले तर लगेच या. माझ्या कार्डावर फक्त "तेलकट टाळा" होतं.

आणि माझं ऑपरेशन जिथे झालं तिथली निर्जंतुकीकरणाची वही या आठवड्यात मागवून घ्या. नाव-पत्ता, कल्चरच्या रिपोर्टची प्रत आणि बंद केलेल्या पॅकेजचा कागद आपल्या कार्यालयात वेगळा दिला आहे. तिथे आजही पित्ताशयाच्या बायका भरती होत आहेत. उत्तर लेखी हवं.

आपली,
परळमधली एक डबेवाली बाई