स्टॅम्पवरच्या फारकतीनं लग्न मोडत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय की बाई आणि माणूस काही वर्षं एकत्र राहिले की कायद्यानं नवराबायकोच, अमेरिकेत त्याला कॉमन लॉ मॅरेज म्हणतात, आता इकडं पण तेच लागू आहे आणि सुटायचं तर पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलं की विषय संपला. लोक हे खरं धरून चालतात म्हणून लिहितेय.

अमेरिकेत सुद्धा हे सगळीकडं नाही. टेक्सास, कोलोरॅडो, आयोवा अशा थोड्याच राज्यांत आहे, पेनसिल्व्हेनियानं २००५ पासून आणि अलाबामानं २०१७ पासून नवीन अशी लग्नं मानायची बंद केली. नुसती वर्षं मोजून तिकडं काही होत नाही, दोघांनी आपण नवराबायको आहोत असं ठरवलेलं पाहिजे आणि चारचौघांत तसंच वागलेलं पाहिजे. आणि एकदा ते लग्न ठरलं की मोडायला वेगळा सोपा रस्ता नाही, बाकीच्यांसारखाच कोर्टातून डिव्होर्स घ्यावा लागतो, घर सोडून गेलं म्हणून लग्न सुटत नाही. म्हणजे ज्यांचं नाव घेऊन मेसेज फिरतोय त्यांच्याकडंच स्टॅम्पवर काम भागत नाही.

आपल्याकडं तर कॉमन लॉ मॅरेज नावाचा कायदाच नाही. बरीच वर्षं नवराबायको म्हणून राहिले असतील तर लग्न झालं असावं असं कोर्ट धरू शकतं, पण समोरच्यानं पहिली बायको जिवंत आहे असं दाखवलं की ते सगळं ढासळतं. तरी लग्नाविना एकत्र राहिलेल्या बाईला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लग्नासारखं नातं धरलेलं आहे, मात्र २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यासाठी दोघं लग्नाला मोकळे पाहिजेत आणि समाजात जोडपं म्हणून बराच काळ राहिलेले पाहिजेत. पोरांचा खर्च मात्र बापाला चुकत नाही, लग्न असो वा नसो.

खरं दुखणं त्या फारकतीच्या कागदाचं आहे. आमच्या गल्लीत विड्या वळणारी एक ताई आहे, रीतसर अक्षता पडलेलं लग्न, नवऱ्यानं नोटरीकडं नेऊन सही घेतली आणि सांगितलं आता तुझा माझा संबंध नाही, पोटगी पण नाही, आणि त्यानं दुसरी केली. तिला कोणी सांगितलंच नाही की ती अजून त्याची कायदेशीर बायको आहे! काही समाजात रूढीनं काडीमोड चालतो आणि हिंदू विवाह कायदा त्याला हात लावत नाही, पण ती रूढी खरंच आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, नुसतं जातीचं नाव सांगून भागत नाही. आणि दुसरीचं काय? तिचं लग्न कायद्यानं लग्नच नाही, १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा बाईला फौजदारी कायद्यातली बायकोची पोटगी नाकारली. एका कागदानं दोन बायका फसल्या आणि मला त्या दोघींचंही वाईट वाटतं. नोटरीला घटस्फोट द्यायचा अधिकारच नाही, २०२४ मध्ये केंद्राच्या विधी खात्यानं तसं परत बजावलं, तरी हे कागद बनतातच.

दोघं राजी असतील तर कोर्टातला रस्ता काही फार अवघड नाही हो. वर्षभर वेगळं राहिलं की अर्ज करता येतो, अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत सुद्धा कोर्ट माफ करू शकतं असं २०१७ च्या निकालात आहे. आणि बाईला वकील फुकट मिळतो, तिची कमाई किती का असेना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला की झालं.

तुमच्या पेपरला विनंती की ही माहिती आठवड्यातून एकदा चौकट करून छापा. आणि प्राधिकरणाला सांगणं आहे की विडी कारखान्यांच्या दारात, यंत्रमागाच्या गल्ल्यांत येऊन बसा, पत्रकं मराठीत काढता तशी तेलुगूत पण काढा, कारण आमच्याकडच्या बऱ्याच बायका तेलुगूच बोलतात.

एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर