काका, टाकीत काय घालू नये हे शिकवल्याबद्दल

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचे तोंडावर आभार मानायची सोय नाही. शब्द तोंडातून निघाला की तुम्ही हात झटकता आणि फिल्टरकडे बघायला लागता. म्हणून हे उघड पत्र. चारचौघांसमोर लिहिलंय, आता विषय बदलता यायचा नाही. शिवाय कुणाच्या घरी माशांची नवी टाकी आणायचं घाटत असेल, तर त्यांच्याही कानावर हे पडलेलं बरं.

मासे पाळणाऱ्याला मदत करायची म्हणजे बहुतेक लोक काहीतरी देतात: एखादा मासा, औषधाची बाटली, उरलेलं खाद्य. तुम्ही मात्र माझ्या हातातली यादी घेऊन खोडायला बसलात. मी टाकीची मापं सांगितली, 60 बाय 30 बाय 30 सेंटीमीटर. तुम्ही तोंडी हिशेब केलात: भरून 54 लिटर, त्यातून माती, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की चाळीस-पंचेचाळीस. "आता या पंचेचाळीस लिटरमध्ये कोण कोण राहायचं म्हणतंय?" ऑस्कर मासा गेला, कारण तो फूटभर होतो. काचेला चिकटणारा साधा प्लेको गेला, तो त्याहून मोठा होतो. डेनिसन बार्बवर माझा फार जीव होता. पण पश्चिम घाटातल्या वाहत्या ओढ्यांचा, थव्याने पोहणारा, 15 सेंटीमीटरपर्यंत वाढणारा मासा दोन फुटांच्या काचेत काय करणार? त्यातून निसर्गात तो धोक्यात आलेला. त्याच्यावर तुम्ही दोनदा रेघ मारलीत. गॅलनमागे एक इंच मासा हा सगळीकडे ऐकू येणारा नियम मी पुढे केला, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, की मग दहा इंचांचा एक मासा दहा गॅलनमध्ये वळणार कसा.

यादीत शेवटी उरले एम्बर टेट्रा आणि तळाला पिग्मी कोरी हे छोटे मासे, आणि थोडे चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या. आणि त्यांच्याही आधी नुसती झाडं.

ते झाडांचे आठवडे हे तुमचं माझ्यावरचं सगळ्यात मोठं ऋण. तळाला इंचभर साधी माती, खत न घातलेली, चाळलेली. तिच्यावर इंचभर वाळू. मी म्हटलं जाड थर देऊ, मुळांना भरपूर जागा मिळेल. तुम्ही थांबवलंत. थर फार जाड झाला की खाली प्राणवायू पोचत नाही, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि वाळूत काडी खुपसली की सडक्या अंड्याचा वास येतो. पाठीमागे व्हॅलिस्नेरिया, मध्ये क्रिप्टोकोरिन, लाकडाला दोऱ्याने बांधलेला अनुबियस (त्याचं जाड आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं तर कुजतं, हेही तुमचंच), आणि वर तरंगता हॉर्नवर्ट. हॉर्नवर्ट मला दिसायला आवडत नव्हता. "दिसायला नाहीये तो, कामाला आहे," म्हणालात. मुळं नसलेलं, झपाट्याने वाढणारं झाड सगळं पोषण थेट पाण्यातून घेतं, त्यामुळे सुरुवातीला शेवाळाला फारसं काही उरतच नाही.

मग तुम्ही चालत्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज घेऊन आलात आणि माझ्या नव्या, चकचकीत पाण्यात तो पिळलात. तपकिरी गढूळ लोट उठला. घरातल्यांनी तुमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याबद्दल इथेच माफी मागून टाकते. त्या घाणीत काय होतं ते तुम्ही नंतर समजावलंत. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट थोडेसेही घातक, नायट्रेट बऱ्यापैकी खपतं आणि झाडंही ते वापरतात. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात, स्पंजावर, वाळूवर, लाकडावर घर करून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती आपोआप व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चालत्या टाकीतलं विरजण मिळालं की काम लवकर होतं.

अमोनियाची ती टेबलं मी अजून जपून ठेवली आहेत. 25 अंशाला पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) 7 असेल तर एकूण अमोनियातला खरा विषारी भाग शंभरात एकसुद्धा नसतो. तोच पीएच 8 झाला की पाचच्या वर जातो. म्हणजे टेस्ट किटवर रंग तोच, आकडा तोच, पण एका टाकीत मासे निवांत आणि दुसरीत तडफडतायत. हे कळल्यापासून नुसत्या अमोनियाच्या आकड्याला मी भीत नाही आणि नुसत्या आकड्यावर निर्धास्तही राहत नाही. शेजारी पीएच आणि तापमान लिहिते.

त्या काळात टाकी दिसायला भयंकर होती, हे आता मोकळेपणी बोलू. लाकडावर पांढरा बुळबुळीत थर आला. काचेवर तपकिरी पूड बसली. क्रिप्टोची पानं तर अक्षरशः विरघळली. प्रत्येक वेळी मी फोन केला आणि तुम्ही "हात लावू नकोस" म्हणालात. लाकडावरची बुरशी निरुपद्रवी, आपोआप जाते. तपकिरी पूड म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ, नव्या टाकीत येतंच. क्रिप्टो जागा बदलली की पानं टाकतो, पण मुळं जिवंत असतात, ती उपटायची नाहीत. शिवाय पुष्कळ झाडं विक्रीसाठी पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती जुनी पानं पाण्यात टिकतच नाहीत, नवी येतात ती पाण्यातली. आणि आली. हिरवट तांबूस, टोकाला जरा मुरडलेली, आधीच्या पानांपेक्षा अरुंद.

गोगलगायींच्या बाबतीत मी जास्त वाद घातला. झाडांबरोबर आलेल्या चिमुकल्या गोगलगायी मला काढून टाकायच्या होत्या. तुम्ही कात्रीने व्हॅलिस्नेरियाची पिवळी पानं काढता काढता रॉबर्ट वॉरिंग्टनची गोष्ट सांगितलीत. लंडनचा हा रसायनशास्त्रज्ञ, 1850 मध्ये त्याने आपला प्रयोग मांडला: काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया. झाड माशांना प्राणवायू देणार, मासे झाडाला खत. हिशेब बरोबर होता, पण झाडाची कुजकी पानं साठून पाणी बिघडायला लागलं. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकं खाल्लं आणि गाडं रुळावर आलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्या कामाला गोगलगाय लागली, ते काम मी स्वतः रोज चिमट्याने करणार होते का, असा तुमचा सवाल. गोगलगायी राहिल्या. त्या फार वाढल्या तर दोष त्यांचा नाही, खाद्य जास्त पडतंय, हे तुमचं वाक्यही खरं निघालं.

ताकाशी आमानो यांच्या टाक्यांचे फोटो मी तुम्हाला दाखवले होते. त्या जपानी छायाचित्रकाराने (1954–2015) निसर्गासारखी टाकी ही कल्पना जगभर नेली, हे तुम्ही मान्य केलंत, पण डोळे काही चमकले नाहीत. गालिच्यासारखी कातरलेली झाडं, दाबाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड, फोटोच्या दिवसासाठी केलेली सगळी तयारी. सुंदर आहे, ते मी अजूनही म्हणते, आणि या बाबतीत आपलं जमणार नाही. पण माझ्या घराला झेपणारी टाकी कुठली, हे तुम्ही ओळखलंत.

मासे आणले तेव्हाही तुम्ही त्यांना थेट टाकीत जाऊ दिलं नाहीत. बाजूला वेगळं साधं भांडं, स्पंज फिल्टर, हिटर, आणि तीन आठवडे. सगळ्यात कंटाळवाणा सल्ला होता तो. त्याच भांड्यात टेट्रांच्या परांवर पांढरे ठिपके उठले. इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. परजीवी कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो गळून तळाशी जातो, फुटतो, त्यातून पोहणारी पिल्लं निघतात आणि औषध लागू पडतं ते तेव्हाच. ठिपके गेले म्हणून मी औषध थांबवणार होते, तुम्ही पुढे चालू ठेवायला लावलंत. मोठी टाकी, तिची झाडं, श्रिंप, सगळे त्या औषधापासून आणि त्या रोगापासून लांब राहिले.

आता कोरींबद्दल, कारण त्यांच्यासमोर मी किती वेळ घालवते हे तुम्हाला सांगितलेलं नाही. त्या मिशा वाळूत खुपसतात, तोंडात वाळू भरतात आणि मग कल्ल्यांमागून ती बारीक धारेत खाली गळते. दोन्ही बाजूंनी. धारदार खडी नको, गोल बारीक वाळूच हवी, असा हट्ट तुम्ही का धरला होता ते ही धार बघून कळतं. मध्येच एखादी सरळ वर झेप घेते, पृष्ठभागावरून हवेचा घोट घेते आणि तितक्याच वेगाने खाली. पहिल्यांदा मी घाबरले होते. कोरी आतड्यातूनही श्वास घेते, हे तुम्ही सांगितलंत. सगळ्याच एकसारख्या वरखाली करायला लागल्या, तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी आहे असं समज, हेही.

त्यावरूनच पहाटेचं आठवलं. टाकी दिवे लागण्याआधी बघत जा, असं तुम्ही म्हणाला होतात. दुपारी झाडं प्राणवायू सोडत असतात, पानांवर बुडबुडे चमकतात, तेव्हा कुठलीही टाकी चांगलीच दिसते. रात्री तीच झाडं प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. उन्हाळ्यात जास्तच जपायचं: 20 अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. म्हणून आता गरमीत रात्रीचा एअर पंप चालू असतो आणि दिवा सात तासांच्या वर नाही.

पाण्याचं सांगायचं तर नळाचं पाणी रात्रभर ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (नळाच्या पाण्यात कधीकधी क्लोरीनऐवजी असतं ते रसायन) उडत नाही, त्याला औषधच लागतं, ही गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हेही. आणि कातरलेला हॉर्नवर्ट किंवा नको झालेला मासा ओढ्यात, तळ्यात सोडायचा नाही. यावर तुम्ही एकदाच आवाज चढवला होतात. घरच्या टाक्यांतून सुटलेले प्लेको जगात कुठे कुठे नद्यांत माजलेत ते तेव्हा तुम्ही सांगितलंत. माझी छाटणी उन्हात खडखडीत वाळवून झाडांच्या कुंडीत जाते.

एवढं सगळं झाल्यावर आभार हा शब्द तोकडा आहे, पण दुसरा सुचत नाही. मनापासून आभार, काका. तुमच्या वेळाबद्दल, त्या गढूळ स्पंजाबद्दल, आणि "आत्ता काही करू नकोस" हे न कंटाळता सांगितल्याबद्दल.

जाता जाता एक. चेरी श्रिंपच्या दोन माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसतायत, एकीची पिवळी, दुसरीची हिरवट. आमानो श्रिंप नावाच्या दुसऱ्या जातीच्या पिल्लांना खारं पाणी लागतं, यांच्या पिल्लांना लागत नाही, तेवढं मला ठाऊक आहे. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावलाय. पण टेट्रा पिल्लं टिपतील असं वाटतंय. पिल्लांना लपायला जावा मॉसचा आणखी एक गुंता घालू, की आहे तेवढा पुरेल? या रविवारी बघायला या, आणि येताना तुमचा छोटा टॉर्च आणा. मॉसच्या आत काय चाललंय ते माझ्या मोबाइलच्या उजेडात धड दिसत नाही.

तुमची,
यादी खोडून घेतलेली पुतणी