उद्यमनगरातल्या मिस्त्री मंडळींचे आभार

इंजिन बदललेल्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा डुलायला लागला की आधी मोठा ऑइल पंप आठवतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींनी पंपाआधी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवायला लावलं, त्यांचे मनापासून आभार.

पंप इंजिनाच्या ब्लॉकवर बसला म्हणजे जुळला असं नव्हे. क्रँकने (इंजिनाच्या मुख्य दांड्याने) फिरणारा पंप असेल तर क्रँकच्या नाकावरचे, म्हणजे पुढच्या टोकावरचे, चपटे भाग पंपाच्या रोटरात नेमके बसायला हवेत. चेंबर दुसऱ्या गाडीचं असेल तर खरी गोम चेंबरमधून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या जाळीच्या नळीत. जाळीखाली खेळण्यातल्या मातीचा गोळा ठेवायचा, गॅस्केटसकट चेंबर आवळायचं, उतरवून दबलेल्या गोळ्याची जाडी मोजायची; तेच जाळी आणि चेंबरच्या तळातलं अंतर. साधारण 6 ते 10 मिमी हवं. कमी असेल तर पंप उपाशी, जास्त असेल तर वळणावर हवा ओढतो. नळी बेतून वेल्ड करणाऱ्या दादांचा हात असा की टाका शोधावा लागतो!

नळीच्या तोंडाची रबरी रिंग फुकट देणाऱ्या दुकानदारांचेही आभार. ती चिरली तरी पंपात हवाच जाते. इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी पंपात व्हॅसलीन भरून, स्पार्क प्लग काढून, प्रेशरचा काटा उठेपर्यंत स्टार्टर मारायला सांगणाऱ्या काकांचेही. झिजलेल्या बेअरिंगवर मोठा पंप हे औषध नव्हे, हेही त्यांचंच.